भामाबाईची साफ पिशवी

मळवली स्टेशनापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर बंगल्यांची एक रांग आहे. त्यातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भामाबाई आणि तिचा नवरा केरबा गेली एकोणीस वर्षं राहतात. बंगला मुंबईच्या एका कुटुंबाचा. ते लोक वर्षातून तीन-चारदा येतात, बाकीच्या शनिवार-रविवारी बंगला पाहुण्यांना भाड्यानं जातो. केरबा बाग आणि पाण्याची मोटर बघतो, आतलं सगळं भामाबाई बघते.

पाहुणे ही काय चीज असते, हे त्यांच्या मागून आवरणाऱ्यालाच विचारावं. सोफ्यावर शेजवान चटणी, उशीच्या अभ्र्यावर मेंदी, पोहण्याच्या टाकीत वेफर्सची पाकिटं. अकरा वाजता एक टोळी जाते आणि दोन वाजता दुसरी येते. मधल्या तीन तासांत आधी इथे कुणी राहिलं होतं याची खूणसुद्धा उरता कामा नये. भामाबाई ते करते. डाग नुसता बघून ती सांगते, हा हळदीचा, हा बीटाचा, हा दारूचा आणि हा दारू पिऊन पुढे जे होतं त्याचा. बंद खोलीचं दार उघडलं की उंबऱ्यातूनच तिला कळतं की फ्रिजमागे काहीतरी नासलंय. असलं नाक देवानं शत्रूलाही देऊ नये असं मी म्हणणार होतो, पण भामाबाई बौद्ध घरातली, देवाच्या नावानं असं काही बोललेलं तिला खपत नाही.

या कामाचा एक नियम आहे आणि तो कुणी लिहून दिलेला नाही. मालकांना काही दिसता कामा नये. मुंबईहून फोन यायचा, सगळं ठीक ना, की इकडून उत्तर ठरलेलं, व्हय मॅडम. नळ गळत असेल तर आधी नळ बसवायचा, मग सांगायचं. बरेचदा सांगायचंही नाही. यात लबाडी आहे असं भामाबाईला कधी वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही मूठ झाकायचाच तर तिला पगार होता.

केरबा मूळचा आंदर मावळातला. भावकीत अजून त्याची भाताची दोन खाचरं आहेत आणि आवणीच्या दिवसांत तो तिकडे जाऊन येतो. बोलणं कमी. बैलानं शिंग मारलं तरी ‘जरा लागलं’ म्हणणारा माणूस. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर भाकरीचा घास छातीत अडकायला लागला तेव्हा त्यानं भाकरी सोडली आणि भात खायला लागला. भात अडकायला लागला तेव्हा पेजेवर आला. विजार कमरेवरून घसरायला लागली तेव्हा त्यानं नाडी घट्ट बांधली. शेवटी त्यांची मुलगी ज्योत्स्ना एका सुट्टीला घरी आली आणि बापाकडे बघून जागच्या जागी बसली. ती लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर असते, चार लोकांशी बोलायची तिला सवय आहे. तिनं त्याला ओढूनच दवाखान्यात नेलं. दुर्बिणीची नळी घालून बघितलं तर जठराच्या वरच्या तोंडाशी गाठ होती. कॅन्सरच होता.

ऑपरेशन हमरस्त्याकडच्या एका मोठ्या इस्पितळात झालं, मंगळवारी, साडेसहा तास. आख्खं जठर काढलं आणि वरची अन्ननलिका खाली आतड्याला जोडली. डॉ. अनघा म्हणून एक तरुण डॉक्टरीण मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होती. तिनं भामाबाईला कागदावर चित्र काढून सांगितलं की सगळा जीव या एका शिवणीत आहे. शिवण धरली तर माणूस घरी गेला. ती कुठे उसवली, अगदी बारीक भोक जरी पडलं, तर गिळलेली थुंकीसुद्धा आत पोटात पाझरते, पू होतो आणि ते विष अंगभर पसरतं. पहिला आठवडा-दहा दिवस धोक्याचे. तोवर तोंडानं काही द्यायचं नाही, अन्न आतड्यात घातलेल्या नळीतून. आणि डाव्या कुशीतून आणखी एक नळी बाहेर काढलेली, तिच्या टोकाला प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी. आत जे साठेल ते त्या पिशवीत उतरणार.

वॉर्डात सविता सिस्टर होत्या. पेशंट बावीस आणि सिस्टर दोन, अशात नाकी नऊ आले नसते तरच नवल. दुसऱ्या दिवशी त्यांनी भामाबाईला बघितलं. ती कॉटखालची फरशी पुसत होती, चादरीची घडी मोडली की ताणून बसवत होती आणि केरबाची नखंसुद्धा कापून झाली होती. सिस्टरांनी तिला पिशवीची तोटी कशी उघडायची, मापाच्या भांड्यात कसं घ्यायचं, किती मिली झालं ते कसं वाचायचं, हे दाखवलं. दोनदा शिकवायची गरज पडली नाही. मग शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकांना सिस्टर सांगायला लागल्या, जरा भामाबाईंकडे बघा, असं ठेवायचं असतं पेशंटला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीच्या सिस्टरही तेच म्हणाल्या. भामाबाई पदरानं तोंड पुसत खाली बघायची, पण मनातून हुरळली होती.

आता खरा घोटाळा इथे झाला. पिशवी सकाळी सहाला एकदा रिकामी करायची, एवढंच सिस्टरांनी सांगितलं होतं. पण डॉक्टरांची फेरी यायची नऊला आणि संध्याकाळी पाचला. तोवर पिशवीत पुन्हा घाण साठलेली असायची. मोठे डॉक्टर पाचसहा जणांना घेऊन येणार आणि आपल्या माणसाच्या कॉटला ती लोंबत असणार, हे भामाबाईला कसं बघवेल? ती पावणेनऊला पिशवी रिकामी करायची, पावणेपाचला पुन्हा. नळीत अडकलेलं बोटांनी दाबून खाली आणायची आणि काढून टाकायची. मग डेटॉलच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्यानं नळी, पिशवी, कॉटची कड सगळं पुसायची. किती निघालं त्याची बेरीज डोक्यात ठेवून सिस्टरांना बरोबर सांगायची. एक मिलीसुद्धा कधी कमी सांगितलं नाही. रंग कुणी विचारला नाही आणि तक्त्यातही आकड्यापुरताच रकाना होता.

रंग मात्र तिला दिसत होता. बुध-गुरुवारी मटण धुतलेल्या पाण्यासारखं लालसर होतं. शुक्रवारी फिकट पिवळं झालं, तेव्हा तिला बरं वाटलं. शनिवारी गढूळ. रविवारी त्यात हिरवट झाक आली आणि वास यायला लागला, नासक्या ताकाचा असतो तसा, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी. तिच्या नाकाला ते कळलं. पण घाण वाढलीय म्हणजे जास्त पुसायला पाहिजे, इतकंच तिच्या मनात आलं. एकोणीस वर्षं हात तेच शिकले होते.

इकडे केरबाची नाडी चढली होती. रविवारी एकशे दहा, सोमवारी एकशे अठरा. ताप थोडा कणकण म्हणण्याइतका. डॉ. अनघा तासातासाला येऊन बघून जायची. पोट दुखतंय का, दम लागतोय का, डावा खांदा दुखतो का, असं विचारायची. केरबाचं उत्तर एकच, बरं हाय ताई. पोटात वरच्या अंगाला काही साठलं की कळ खांद्यात निघते, म्हणून तिनं विचारलं होतं, तर म्हणाला, उशी उंच आहे. तिचं समाधान झालं नाही. सोमवारी दुपारी त्याचं स्कॅन करून घेतलं. त्यात डाव्या फुप्फुसाखाली थोडं पाणी दिसलं, पण एवढ्या ऑपरेशननंतर तेवढं दिसतंच, आणि शिवणीतून काही बाहेर येताना दिसलं नाही.

पाचची फेरी आली. मोठे डॉक्टर कॉटशी थांबले, कागद बघितले, मग वाकून पिशवी हातात घेतली. पिशवी नेहमीप्रमाणे पाव तासापूर्वीच रिकामी झाली होती. तळाशी चमचा-दीड चमचा पाणी, आणि एवढ्या थोड्या पाण्याला रंग तो काय दिसणार. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, ड्रेन अगदी साफ आहे, स्कॅनही ठीक आहे, शिवण धरलीय. उद्या सकाळपासून तोंडानं पाणी सुरू करा, दुपारी शहाळं. डॉ. अनघा हळूच म्हणाली की नाडी खाली येत नाहीये. ते म्हणाले, पाणी सुरू करू, नजर ठेव. आणि फेरी पुढे गेली.

भामाबाई कॉटच्या पायथ्याशी उभी होती. तिला इंग्रजी येत नाही, पण ‘साफ’ तिला कळलं आणि ‘शिवण धरलीय’ हेही कळलं. मोठे डॉक्टर पिशवीकडे बघून पोटाच्या आतलं ठरवत होते. तिला वाटत होतं की पिशवी म्हणजे कचऱ्याचा डबा. ती तर त्यांची खिडकी होती, आणि भामाबाई रोज दोन वेळा तिच्यावर पडदा ओढत होती. उद्या सकाळी पाणी देणार आणि ते पाणी कुठे जाणार, हे तिला चित्र काढून सांगितलेलंच होतं. तिची पाचावर धारण बसली.

बोलावं तर काय होईल? सिस्टरांना बोल लागेल, कारण तोटी उघडायला त्यांनीच शिकवलं. आपल्याला वॉर्डाबाहेर काढतील. चार दिवस जिचं नाव घेत होते ती भामाबाई आपल्याच हातानं नवऱ्याला मारायला निघाली होती, हे बावीस कॉटांना कळेल. तिनं ज्योत्स्नाला फोन लावला, तो लागला नाही, आणि बरं झालं लागला नाही, असंही तिला वाटलं. वीस मिनिटं ती व्हरांड्यात उभी होती. त्या वीस मिनिटांत आपण गप्प बसायचा विचारही करून बघितला, हे ती आजही लपवत नाही. मग ती आत गेली. डॉ. अनघा टेबलापाशी लिहीत होती आणि शेजारीच सविता सिस्टर उभ्या होत्या.

“ताई,” भामाबाई म्हणाली, “पिशवी साफ येत न्हाई. मी साफ करते.”

दोघींनी तिच्याकडे बघितलं. भामाबाईनं सगळं सांगितलं. पावणेनऊ, पावणेपाच, बोळा, डेटॉल. सविता सिस्टरांचा चेहरा उतरला. डॉ. अनघा ओरडली नाही. तिनं कागद पुढे ओढला आणि विचारायला लागली, कोणत्या दिवशी कसा रंग होता, वास कधीपासून. मग भामाबाईतली डागांची जाणकार बाई कामाला आली. तिनं वारांसकट सांगितलं. गढूळ कधी झालं, हिरवी झाक सकाळी होती की संध्याकाळी, भांड्याच्या तळाशी साका बसायचा तो कसला, तार धरत होता की नव्हता. डॉक्टरीण लिहीत गेली. एवढं नीट कुणी तिला आजवर सांगितलं नव्हतं, असं तिनं पुढे सिस्टरांना बोलून दाखवलं म्हणे.

“आता कुणीही पिशवीला हात लावायचा नाही, मावशी,” ती म्हणाली. “तुम्हीसुद्धा नाही.”

मोठ्या डॉक्टरांना फोन झाला. मग डॉ. अनघा एका छोट्या पेल्यात निळं पाणी घेऊन आली. औषधी रंग होता तो, शाळेच्या दौतीतल्या शाईइतका गडद. केरबाला उठवून बसवलं आणि चार घोट हळूहळू गिळायला सांगितले. रंग आत जाईल, तिनं समजावलं. शिवण धड असेल तर तो आतड्यातून सरळ खाली जाईल आणि पिशवीत काही यायचं नाही. शिवणीला भोक असेल तर पिशवीत निळं येईल. आणि निळं आलं नाही तरी आपण सुटलो असं समजायचं नाही, कधीकधी भोक रंगालाही चकवतं, मग उद्या दुर्बीण घालून बघू.

केरबानं निळ्या ओठांनी ऐकून घेतलं. आणि आठवडाभरात पहिल्यांदाच लांबलचक बोलला.

“खाचरातलं पाणी कुटं जातंय कळंना झालं की आमी तेच करतो,” तो म्हणाला. “वर पायानं चिखल ढवळायचा आन् खालच्या अंगाला बांध बगत बसायचं. जितनं गढूळ आलं तितं खेकड्यानं बीळ पाडलेलं आसतंय.”

डॉ. अनघा कॉटच्या कडेवर बसली आणि म्हणाली, मग बघत बसू.

भामाबाई खाली फरशीवर बसली, पिशवी डोळ्यांसमोर येईल अशी. नळी काचेसारखी, आतलं गढूळ पाणी थेंबाथेंबानं सरकत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काय मागावं तेच तिला कळेना. निळं येऊ नये, कारण निळं म्हणजे भोक. निळं यावं, कारण भोक असलंच तर ते आज सापडावं, उद्या पाणी पाजल्यावर नको. कुशीतून नळी निघते तिथे आधी एक हिरवट रेघ दिसली. ती लांबली, दाट झाली, आणि सव्वासहाच्या सुमाराला पिशवीच्या तळाशी निळा थेंब पडला.

“आलं,” भामाबाई म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. सकाळचं पाणी रद्द झालं आणि जोराची औषधं सुरू झाली. पिशवीतलं पाणी तपासायला गेलं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून शिवणीच्या मागच्या बाजूला मुगाच्या डाळीएवढं भोक दिसलं आणि त्यावर आतून जाळीची नळी बसवली. मोठे डॉक्टर भामाबाईला एवढंच म्हणाले की अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. ते रागावून म्हणाले की कौतुकानं, हे तिला आजही कळलेलं नाही. सविता सिस्टरांनी चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पाचव्या दिवशी त्यांनी तक्त्यावर पेनानं आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘रंग’. नातेवाइकांपुढे भामाबाईचं नाव मात्र पुन्हा कुणी घेतलं नाही.

केरबा आणखी पाच आठवडे तिथे होता. त्यातले दहा दिवस वाईट गेले. छातीतलं पाणी काढावं लागलं आणि दोनदा ज्योत्स्नाला रजा टाकून यावं लागलं. पण भोक भरलं. जाळीची नळी काढून झाली आणि तो मळवलीला परत आला, अंगावर नुसती हाडं घेऊन. आता त्याला जठर नाही, त्यामुळे वाटीभर खायचं, बसून खायचं आणि दर दोन तासांनी खायचं. भामाबाईला आणखी एक घड्याळ सांभाळावं लागतं, इतकंच.

आसपासच्या गावांत आता तिचं एक निराळंच नाव झालंय. पलीकडे औंढ्यापर्यंत कुणाचं पोटाचं ऑपरेशन असलं की बायका तिला विचारायला येतात, काय न्यायचं, कसं राहायचं. ती चादर सांगत नाही की डबा सांगत नाही. नळीतनं काय येतंय ते डॉक्टरला दाखवा, घाण आसली तर आधी दाखवा, एवढंच सांगते. आणि आपण काय केलं होतं तेही सांगते. तसलं कशाला सांगता, म्हणून ज्योत्स्ना तिच्यावर चिडते.

सगळ्यांना सांगून झालं होतं, एक केरबाला सोडून. इस्पितळात त्या वाईट दहा दिवसांत तो ग्लानीत होता आणि नंतर तिची जीभ रेटली नाही. घरी आल्यावर महिन्याभरानं, एका दुपारी बंगला रिकामा असताना, मागच्या पायरीवर तो वाटीतली नाचणीची आंबील चमच्यानं पीत बसला होता. तेव्हा ती शेजारी बसली आणि मान खाली घालून सगळं बोलून मोकळी झाली. तुमचं दुखणं मीच झाकलं, म्हणाली.

“ठावं हाय,” केरबा म्हणाला.

तिला वाटलं, त्याला नीट कळलं नाही.

“पिशवी उचलायचीस तवा दिसायचं की. रविवारी हिरवं झाल्तं. आन् खांदा तर उपटून काडल्यागत दुखत व्हता.”

“मग डॉक्टरीणबाईला बोलला का न्हाई?”

केरबानं दोन चमचे आंबील पिऊन घेतली. त्याला घाई चालत नाही.

“त्या सिस्टर समद्यास्नी सांगायच्या, भामाबाईंवानी करा म्हून. एकोणीस वर्सं लोकांचं निस्तरतीस, कुणी नाव घिऊन चांगलं म्हणलं न्हाई. तितं म्हणत व्हत्या. पडल्या पडल्या ऐकाया लय बरं वाटायचं. मी बोललो आस्तो तर तुलाच बोलल्या आस्त्या.”

भामाबाईला असा राग आला की तिनं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

“माज्या चांगलेपणापायी मेला आसता तुमी.”

“व्हय,” केरबा म्हणाला.

ती वाटी घेऊन आत गेली आणि ओट्याला टेकून रडली. एवढा मोठा वेडेपणा तिच्यासाठी जन्मात कुणी केला नव्हता, आणि तो केला होता या माणसानं, ज्यानं तिच्या भाकरीलासुद्धा कधी चांगलं म्हटलं नव्हतं.